दहा मिनिटं

नऊ हजार सहाशेचा वेग, आठ बिट, पॅरिटी नाही, स्टॉप एक.
केबल खोचली की काळ्या पडद्यावर
एक चौकोन उघडझाप करू लागतो.
त्याच्या पलीकडे समुद्र,
समुद्रात तेलाचा प्लॅटफॉर्म,
प्लॅटफॉर्मवर लोखंडी कपाट, आणि त्यात
आमचा मोडेम, पंचांगाएवढा जाड.

घराचं दार दक्षिणेला नसावं म्हणतात.
कोंडिविट्याच्या या गच्चीवरची डिश
रात्रंदिवस दक्षिणेलाच तोंड करून.
इनास परेरा म्हणायचा, इथं माझ्या आज्याचं भात होतं,
आता तुमचं हे ताट. रिकामं,
आभाळापुढे धरलेलं.

मी एक अक्षर दाबते. ते लगेच उमटत नाही.
छत्तीस हजार किलोमीटर चढतं, तेवढंच उतरतं,
तिकडच्या कपाटाला शिवतं
आणि त्याच वाटेनं परत येऊन
माझ्यासमोर दिसतं.
अर्धा सेकंद.
तेवढ्यात मी दर वेळी
स्वतःवर थोडी शंका घेते.

गोंगाटाच्या वर सिग्नल: सात पूर्णांक दोन.
तापमान एकेचाळीस. लॉक आहे.
दर तासाला हेच विचारायचं, हेच ऐकायचं,
जेवलात का, जेवलो,
तसं.

आज काम होतं. शेजारची लहर आमच्यावर सांडत होती,
जरा सरकून घ्यायचं, तीन ते चारच्या आत.
आधी त्याचा कान सरकवायचा, मग माझं तोंड.
म्हणजे ज्या फांदीवर बसून हुकूम द्यायचा
तीच फांदी हलवायची.

कागदावर सहा होता. माझं बोट नऊवर पडलं.
सहाच्या डोक्यावरच नऊ बसलेला असतो.
एंटर.

अर्धा सेकंद गेला. एक गेला. पाच गेले.
मी नव्या जागी हाक मारली. काही नाही.
मग कागद पाहिला, मग पडद्यावरचा नऊ,
आणि पोटात कुणीतरी बादली सोडली.
ज्याला ऐकू येत नाही त्यानं गप्प राहायचं,
असा मोडेमांचा नियम आहे.

इनास निवृत्त होताना एकच सांगून गेला:
आधी परतीची वाट लिही, मग घर सोड.
दहा मिनिटांचा टायमर लावायचा.
तोवर मी ‘ठीक’ म्हटलं नाही
तर मोडेम आपणहून जुन्या जागी येतो.

मी लावला होता. लावला होता ना?
टाइप केल्याचं आठवतं.
मग सहारला उतरणारं एक विमान डोक्यावरून गेलं,
मी वर पाहिलं.
त्याचं उत्तर आलेलं पाहिलं का?

नसेल लावला, तर सकाळी जुहूहून हेलिकॉप्टर,
त्यात एक माणूस, एक लॅपटॉप, हीच केबल,
आणि साहेबांचा प्रश्न: कुणाच्या हातून?

माझी हाक मी जुन्या जागी आणून ठेवली.
एवढंच करता येत होतं.
दिवा लावून दार उघडं ठेवतात, तसं.
चहा निवला. पंख्याची एक पाती करकरते
हे मला सहा वर्षांत आज कळलं.
सातवं मिनिट.
आठवं मिनिट इतरांपेक्षा मोठं असतं.

तीन बावीस. लॉक.
सात पूर्णांक दोन. तापमान एकेचाळीस.
जणू काही झालंच नव्हतं.
मी प्रश्नचिन्ह दाबलं, अर्ध्या सेकंदानं
ते परत आलं, आणि मला हसू आलं,
आवाज न करता.

लगेच फोन. प्लॅटफॉर्मवरचा धर्माजी तांडेल:
‘मॅडम, मघाशी लाइन गेली का हो?
बायको लिलावाला निघालेली, धक्क्यावर.
तिला वाटलं, मी रागावून ठेवला.’

वहीत लिहिलं:
तीन बारा ते तीन बावीस संपर्क नाही.
कारण या रकान्यात थोडी थांबले,
मग लिहिलं, मी.

अजून अडतीस मिनिटं हातात आहेत.
टायमर, दहा. उत्तर येईपर्यंत मान खाली.
आलं.
आता सहा.